शिवलेलं शेपूट

एकदा एका उघड्या माळावर विमान चालवायला शिकवणारे एक वृद्ध मास्तर राहत होते.

इतकं म्हटलं की श्रोत्यांचे चेहरे पडतात. त्यांना मास्तर नको असतात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाचं पत्र येतं: ‘विमानविद्येतील व अवकाशातील अग्रणी’ या विषयावर बोला, तरुणांना प्रेरणा मिळेल असं बोला आणि बारा मिनिटांत आटपा. पत्राच्या शेवटी ‘गरुडझेप’ हा शब्द असतोच असतो. भाषण ऐकून आजवर एकाही गरुडाने झेप घेतलेली नाही, हे त्यांना कळवावंसं वाटतं. पण या वयात पत्रापत्री कोण करणार? मी मुकाट्याने जातो, माईक हातात घेतो आणि हट्टाने याच मास्तरांची गोष्ट सांगतो.

तर मास्तरांचं विमान होतं दोन आसनांचं, वरून उघडं. शिकणारा पुढच्या आसनावर, मास्तर मागच्या. इंजिनाची घरघर आणि वारा यांपुढे ओरडून काही सांगण्याची सोय नव्हती. म्हणून पुढच्या आसनाच्या पाठीला मुद्दाम एक फट ठेवलेली होती. त्या फटीतून हात घालून मास्तर शिकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक ओढत. एक हिसका म्हणजे ‘नीट बघ’. दोन हिसके म्हणजे ‘दांड्यावरचा हात काढ, आता मी चालवतो’. दोन हिसके बसले की विचार करायचा नाही, हात सोडायचा. नाहीतर खाली उतरल्यावर मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुटे. नवा शिष्य आला की ते पहिल्याच दिवशी बजावत, शर्ट खोचून यायचं नाही, आणि आखूड शर्ट घालून तर मुळीच यायचं नाही.

ज्या दिवशी शिष्य प्रथमच एकट्याने उडून सुखरूप खाली येई, त्या दिवशी मास्तर मोठी कात्री आणत आणि सगळ्यांदेखत त्याच्या शर्टाचं ते टोक कापून घेत. यापुढे तुला ओढायला मागे कोणी नको, असा त्याचा अर्थ. त्या तुकड्यावर नाव आणि तारीख लिहून तो विमानघराच्या भिंतीवर खिळ्याने ठोकला जाई. माळावरचे लोक त्याला शेपूट म्हणत. ‘माझं शेपूट भिंतीवर आहे’ हे वाक्य माणसं म्हातारपणी नातवंडांना ऐकवत. भिंतीवर एकशे बारा शेपटं होती. त्यातला एकजण डोंगराळ मुलखात टपालाचं विमान नेणारा पहिला ठरला, एकीने एकटीने समुद्र ओलांडला, एकजण अग्निबाण सोडणाऱ्या केंद्राचा प्रमुख झाला. मंडळाच्या पत्रात ज्यांना अग्रणी म्हणतात, ते सगळे त्या भिंतीवर होते.

त्यातलं निळ्या चौकड्यांचं शेपूट एका शिष्येचं होतं. शिकत असताना ती इतके प्रश्न विचारी की मास्तर कानात कापूस घालून बसत. पुढे तिने स्वतःच्या डोक्याने एक नवं विमान बांधायला घेतलं. तेलाच्या घाण्यांच्या मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणत, तिला माळावर एक प्रशस्त शेड उभारून दिली, लाकूड दिलं, कापड दिलं. हाताखाली पाच कारागीर होते. त्यांचा मुख्य दस्तगीर मिस्त्री, मिरजेकडचा, पन्नाशी ओलांडलेला. त्याला दिवसाकाठी सहा कप चहा लागे, आणि सैल झालेला नट तो नुसत्या आवाजावरून सांगे.

चार वर्षं लागली. विमान तयार झालं आणि ते पहिल्यांदा आपणच उडवायचं, असं शिष्येने ठरवलं. या चार वर्षांत तिच्यात एक फरक पडला होता, तो तिच्या ध्यानात आला नव्हता. प्रश्न विचारणं बंद झालं होतं. कोणी काही सांगायला आलं की त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती म्हणे, “ठाऊक आहे मला.” वैताग असा, की शंभरात नव्व्याण्णव वेळा तिला खरोखरच ठाऊक असे. मूर्ख माणसाने हे वाक्य म्हटलं तर लोक हसून पुढे सांगत राहतात. हुशार माणसाने म्हटलं की लोक विश्वास ठेवतात आणि परत जातात.

उड्डाणाचा मुहूर्त शेठनी काढला: सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. मांडव घातला, बँड सांगितला, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना आमंत्रण गेलं. एवढ्यावर त्यांची हौस भागली नाही. आदल्या दिवशी सकाळी ते लाल मखमलीची एक जाडजूड गादी घेऊन आले. “आमच्या बाई पहिल्या उडणार, आणि त्या काय नुसत्या फळीवर बसणार?” असं म्हणत त्यांनी ती स्वतः उभं राहून विमानात बसवून घेतली. त्यासाठी जुनी फळी काढावी लागली. शिष्येने लांबूनच मान हलवली. ती तेव्हा वाऱ्याची दिशा टिपत होती.

त्या दुपारी मास्तर शेडमध्ये आले.

“दस्तगीरशी बोललीस का?” त्यांनी विचारलं.

“रोजच बोलते की.”

“आज बोललीस का? सकाळपासून त्याने चहा घेतलेला नाही.”

“मास्तर, उद्या उड्डाण आहे. तहानभूक कोणाला सुचतेय?”

“सहा कप पिणारा माणूस एकही पीत नाही, तेव्हा त्याला जवळ बसवून विचारावं. मी तुला शिकवताना—”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली, आणि कागदात डोकं घातलं.

मास्तर तसेच दस्तगीरकडे गेले. तो एका खोक्यावर बसून फडक्याने हात पुसत होता. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

“काय रे, काही खटकतंय का?”

“मला काय खटकायचं, मास्तर? बाईंना सगळं ठाऊक असतंय.”

हा टोमणा असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण तो मनापासून बोलत होता. मास्तर चांगलेच वैतागले. बत्तीस वर्षं ते लोकांच्या मागे बसून शर्ट ओढत आले होते, आणि आता त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांना हे ऐकायला मिळत होतं. ते पाय आपटत विमानघरात गेले, भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले, मग त्यांनी पकड घेतली आणि एक खिळा उपटला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला माळ माणसांनी फुलून गेला होता. शेठच्या डोक्यावर नवा फेटा होता. शिष्या पांढरा आखूड शर्ट नीट खोचून पाहुण्यांना नमस्कार करत होती. गर्दीतून वाट काढत मास्तर आले. त्यांच्या एका हातात निळ्या चौकड्यांचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात सुईदोरा.

“पाठ कर,” ते म्हणाले.

“काय?”

“पाठ कर म्हणतोय. आणि शर्ट बाहेर काढ.”

बत्तीस वर्षं ज्या आवाजापुढे सगळ्यांनी माना तुकवल्या, त्या आवाजापुढे तिनेही पाठ केली. मास्तर खाली वाकले आणि ते जुनं शेपूट तिच्या पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने शिवायला लागले. नजर चालत नव्हती, टाके वाकडेतिकडे पडत होते. हाही एखादा विधी असेल असं समजून बँडवाल्यांनी मंगल सूर धरला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. शिष्येचे कान लाल झाले. चार वर्षांच्या कष्टाचा दिवस उजाडला, आणि चारचौघांत आपल्याला शेपूट लावलं जातंय, या विचाराने तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

शेठना राहवलं नाही. “मास्तर, हे काय आरंभलंय? मुहूर्ताला पंधरा मिनिटं राहिलीत. आजवर तुम्ही सगळ्यांची शेपटं कापलीत, आणि आज नेमकं लावताय?”

“हो,” मास्तर म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला.

“मी आता शिकाऊ नाही, मास्तर,” शिष्या दबक्या आवाजात म्हणाली.

“म्हणून तर.” मग ते पाच कारागिरांकडे वळले. “मी आता हिच्या मागे बसू शकत नाही. हे टोक तुमच्यासाठी आहे. ज्याला ओढायचं असेल त्याने ओढा.”

कोणी हललं नाही. शेठनी घाईघाईने नारळ फोडला. शिष्या तरातरा विमानाकडे निघाली, कारण आता एकदा वर गेल्याखेरीज या माणसांपासून सुटका नव्हती. तिने पायरीवर पाय ठेवला, पंखाच्या आधाराला हात घातला, आणि शर्टाला मागून हिसका बसला. लगेच दुसरा.

किती वर्षं मध्ये गेली होती. पण दोन हिसके बसले आणि तिचा हात आपोआप सुटला. विचार नंतर आला, आणि त्याच्याबरोबर संताप. तिने वळून पाहिलं. दस्तगीर दोन बोटांत ते निळं टोक धरून उभा होता, तापलं भांडं धरावं तसा.

“बाई, आत बसा आणि एकदा दांडा पोटाशी ओढून बघा.”

“दस्तगीर, ते मी रोज बघते. ठाऊक—”

त्याने पुन्हा हिसका दिला. या वेळी एकच.

“गादीवर बसून न्हाई बघितलं,” तो म्हणाला.

ती आत बसली. दांडा धरला आणि पोटाकडे ओढला. तो चार बोटं अलीकडेच थांबला. गादीची फुगीर कड आडवी आली होती. तिने पुन्हा ओढला, जोर लावून ओढला. चार बोटं राहिलीच. बँड वाजत होता, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

ही चार बोटं वर जाताना लागत नाहीत. ती लागतात उतरताना, जमीन अगदी जवळ आल्यावर विमानाचं नाक उचलायला. म्हणजे ती झोकात वर गेली असती, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, एक चक्कर मारून ती परत आली असती आणि त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत नाकावर आपटली असती. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं, कारण ती खरोखरच हुशार होती.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“काल गादी बसवली तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाहीस?”

दस्तगीरने एकदा शेठकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “शेठनी हौसेनं आणलेली. तरी दोन खेपा आलो होतो, बाई. दोन्ही खेपेला तुम्ही म्हणालात, ठाऊक आहे. मला वाटलं, असंल ठाऊक. काहीतरी जुगत केली असंल.”

शिष्या खाली उतरली. तिने शेठना काय झालं ते समजावून सांगितलं आणि म्हणाली, “आज उड्डाण नाही.”

“अहो, मग गादी काढून फेका आणि उडा,” शेठ म्हणाले. “अजून सात मिनिटं आहेत.”

“जुनी फळी बसवायला हवी. आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट आज निघाली, शेठ. आणखी किती आहेत ते या पाचजणांकडून आधी ऐकायचं आहे.”

शेठनी कपाळाला हात लावला. “एवढे पाहुणे जमलेत. लोक म्हणतील, बाईंनी शेपूट घातलं.”

तिने हात मागे नेला. काळ्या दोऱ्याचे वाकडे टाके बोटांना लागले.

“म्हणू देत,” ती म्हणाली. “घातलंच आहे. मास्तरांनी शिवून दिलंय.”

शेठ विमानाशी गेले, वाकून त्यांनी गादीवरून हात फिरवला, दांडा स्वतः ओढून पाहिला. मग त्यांनी फेटा उतरवला आणि बँडवाल्यांना थांबायची खूण केली. त्यांचा चेहरा पाहून पाहुण्यांनीही फार विचारपूस केली नाही.

पाहुणे पांगल्यावर शिष्या मास्तरांना शोधत विमानघरात आली. ती अजून धुमसत होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“नव्हतं. विमानातलं मला आता काय दिसतंय? त्याने चहा सोडलाय, एवढंच दिसलं.”

“मग मला तसं सरळ सांगायचं. सगळ्यांसमोर सुईदोरा कशाला?”

“सरळ सांगितलं की काल,” मास्तर उखडले. “तुला सांगितलं. त्याला विचारलं. एक म्हणते, मला ठाऊक आहे. दुसरा म्हणतो, बाईंना ठाऊक आहे. मी म्हाताऱ्याने मध्ये उभं राहून काय करायचं, डोकं आपटायचं?”

मास्तरांनी काठीने भिंतीकडे दाखवलं. त्यांचा आवाज खाली आला.

“ही एकशे बारा शेपटं मी कापली. कापताना वाटायचं, माणसाला मोकळं करतोय. यातले सातजण विमान कोसळून गेले. शिकत असताना एकही गेला नाही, पोरी. सातही जण मोठे झाल्यावर, नाव झाल्यावर गेले. मी प्रत्येकाच्या गावी गेलो, त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना भेटलो. सातही ठिकाणी एक तरी माणूस असा निघाला, ज्याला आधी ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? सगळ्यांनी एकच सांगितलं: साहेबांना कसं सांगायचं? अग्रणी पुढे बसतो. त्याच्या मागे माणसं असतात, आणि त्याची पाठ त्यांनाच दिसते. त्यांना धरायला एक टोक तरी नको का? ते टोक मीच कापत आलो. ही चूक मला फार उशिरा कळली.”

शिष्या भिंतीकडे पाहत राहिली. मग बाहेर गेली. शेडमध्ये दस्तगीर तिच्याकडे बघून उठायला लागला, तेव्हा तिने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, दोन कप चहा मागवला आणि त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसली.

“आता सांग,” ती म्हणाली. “मी मध्ये बोलणार नाही.”

दोनदा ती मध्ये बोललीच. पण दोन्ही वेळा तिने जीभ चावली. त्या दिवशी पाचजणांकडून मिळून नऊ गोष्टी निघाल्या. त्यातल्या सहा तिला ठाऊक होत्या, तरी तिने त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती फळीवर बसून उडाली. मुहूर्त नव्हता, बँड नव्हता. पाच कारागीर, मास्तर आणि बोडक्या डोक्याचे शेठ, एवढेच खाली उभे होते. विमान माळावर एक मोठी चक्कर घेऊन आलं, जमिनीजवळ त्याने नाक अलगद उचललं आणि चाकं टेकली. शेठना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. जुन्या सवयीने कोणीतरी कात्री आणली होती. मास्तरांनी ती शिष्येकडे धरली, बघू काय करते म्हणून. तिने ती घेतली आणि शेपटाचा लोंबणारा काळा दोरा तेवढा कापला.

पुढे ती खूप मोठी झाली. मोठमोठ्या संस्थांची प्रमुख झाली, मोठमोठ्या टेबलांच्या टोकाला बसली. शर्टाच्या मागे ते चौकड्यांचं ठिगळ कायम असे. परकी माणसं हसत, आणि तिच्या हाताखालची माणसं अधूनमधून ते ओढत. माळावरच्या भिंतीवर तिच्या शेपटाची जागा रिकामीच राहिली.

गोष्ट इथे संपते. गेल्या महिन्यात एका मंडळात मी ती इथवर आणली, तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते, सूत्रसंचालिका चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवत होती. मी रंगात येऊन व्यासपीठाच्या पुढच्या कडेपर्यंत गेलो होतो आणि तात्पर्याला हात घालणार, इतक्यात मागून कोणीतरी माझा झब्बा ओढला. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा ओढला. डोक्यात तिडीक गेली. मी वळलो. मांडव घालणारा माणूस होता, हातात हातोडा.

“वेळ संपली, ठाऊक आहे मला,” मी खेकसलो. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

“वेळेचं नाही, सर,” तो हळूच म्हणाला. “तुमच्या पायाखालची फळी सुटलीय. मागे या.”

मी मागे आलो.